वळण कोणी कोणाला लावायचे? कुरळ्या केसांच्या निगेचा इतिहास

१/
मराठीत ‘वळण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. केसांच्या बटेला वळण असते आणि मुलांना वळण लावले जाते. कुरळ्या केसांच्या बाबतीत या दोन अर्थांची गल्लत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ज्या केसांना जन्मतःच वळण आहे त्यांनाच ‘झिंज्या’ म्हणून हिणवायचे, शाळेच्या दिवसांत तेल थापून दोन वेण्यांत करकचून आवळायचे आणि लग्न ठरले की पार्लरमध्ये नेऊन सरळ करून घ्यायचे, हा क्रम असंख्य घरांत चालू आहे. या गल्लतीला इतिहास आहे. कुरळ्या केसांची निगा कशी राखावी, हा प्रश्न त्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

२/
या विषयावर तीन विधाने हमखास ऐकू येतात. भारतीय केस मुळात सरळच असतात, हे पहिले. कुरळ्या केसांसाठी वेगळा दिनक्रम हे परदेशातून आलेले खूळ आहे, हे दुसरे. आजीच्या काळी शिकेकाई होती आणि सारे आलबेल होते, हे तिसरे. तिन्ही विधाने आत्मविश्वासाने केली जातात आणि तिन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत.

३/
पहिल्या विधानाचे मूळ फार जुने आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने आपल्या ग्रंथाच्या पंधराव्या खंडात भारतीयांचे वर्णन केले आहे. भारतीय वर्णाने इथिओपियनांसारखे असले तरी त्यांचे केस लोकरीसारखे कुरळे नसतात, असे तो लिहितो आणि त्याचे कारण म्हणून येथील हवेतील ओलावा पुढे करतो. पुढे दुसऱ्या शतकात एरियनच्या ‘इंडिका’तही दक्षिणेकडील भारतीयांविषयी असेच विधान येते. स्ट्रॅबोने भारत पाहिलेला नव्हता. अलेक्झांडरच्या सोबत्यांच्या आणि मेगॅस्थनीजच्या वृत्तांतांवर त्याने आपले चित्र रंगवले. एका खंडप्राय देशातील सगळी डोकी त्याने एका वाक्यात विंचरून टाकली.

४/
त्याने दिलेले कारण तर नेमके उलटे आहे. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांमधील हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना नव्या जागी जुळतात. म्हणूनच इस्त्रीने सरळ केलेले केस कोकणातल्या पावसाळी हवेत तासाभरात पुन्हा वळू लागतात. ओलावा कुरळेपणा घालवत नाही, दडपलेला कुरळेपणा वर आणतो. जून महिन्यात मुंबईच्या लोकलमधून प्रवास करणाऱ्या कोणत्याही कुरळ्या डोक्याने स्ट्रॅबोची ही चूक दुरुस्त केली असती.

५/
बाहेरच्यांचे वर्णन बाजूला ठेवून येथील भाषेकडे वळले की निराळे चित्र दिसते. संस्कृतात केसांसाठी ‘कुंतल’, वळलेल्या बटांसाठी ‘अलक’, कपाळावर भुंग्यांप्रमाणे रुळणाऱ्या बटांसाठी ‘भ्रमरक’ असे शब्द आहेत. अमरकोश ‘अलक’ला ‘चूर्णकुंतल’ हा पर्याय देतो. चूर्ण लावून वळवलेल्या बटा, असा त्या शब्दाचा उलगडा केला जातो. तो उलगडा मान्य केला, तर ज्यांचे केस उपजत वळलेले नव्हते ते प्रयत्नपूर्वक वळवून घेत होते, असा त्याचा अर्थ होतो. कुरळेपणा हा दोष मानणाऱ्या समाजात असा शब्द घडण्याचे काही कारण नव्हते.

६/
शब्दांना शिल्पे आणि चित्रे दुजोरा देतात. वाराणसी येथील राजघाटच्या गुप्तकालीन मृण्मूर्तींमध्ये मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंना ओळीने उतरणाऱ्या गोल बटा दिसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या खांद्यावर वळणदार बटा रुळतात. सतराव्या लेण्यात आरसा हाती धरून प्रसाधन करणारी राजस्त्री आणि तिच्या भोवतीच्या सेविका आहेत. केशरचना हे कौशल्याचे काम होते आणि त्यासाठी माणसे लागत, हे त्या एका दृश्यावरून कळते.

७/
बुद्धमूर्तीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गांधार शैलीतील बुद्धाचे केस लाटांसारखे आहेत. मथुरेच्या आरंभीच्या मूर्तींत डोक्यावर शंखासारखा एकच वळसा आहे. गुप्तकाळात मथुरा आणि सारनाथ येथे उजवीकडे वळणाऱ्या लहान लहान गोल बटांचे डोके रूढ झाले आणि पुढे ते आशियाभर पोहोचले. गृहत्यागानंतर सिद्धार्थाने कापलेले केस दोन अंगुळे उरले आणि उजवीकडे वळून डोक्याला चिकटून राहिले, अशी हकीकत जातकांच्या निदानकथेत आहे. महापुरुषाच्या मस्तकासाठी निवडले गेलेले हे रूप कुरळे आहे.

८/
येथे सावधगिरी हवी. मूर्ती म्हणजे जनगणना नव्हे. शिल्पकार संकेत पाळतो आणि कवी आदर्श रंगवतो. गुप्तकाळात किती जणांचे केस कुरळे होते, हे राजघाटच्या मृण्मूर्तींवरून मोजता येणार नाही. मात्र त्या काळाच्या सौंदर्यकल्पनेत वळलेल्या बटेला मानाचे स्थान होते, एवढे निश्चित म्हणता येते. ‘भारतीय केस म्हणजे सरळ केस’ हे विधान परंपरेच्या नावाने खपवणाऱ्यांना परंपरेचाच आधार नाही.

९/
पण म्हणून भूतकाळाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. ज्या संस्कृतीने कुंतलांचे कौतुक केले तिनेच विधवेचे केशवपन केले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत ही प्रथा होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा न फिरवण्याचा निर्धार झाला. स्त्रीच्या केसांवर तिच्यापेक्षा इतरांचा अधिकार अधिक, हे गृहीतक त्या वस्तऱ्यामागे होते. आजीच्या काळाचे गोडवे गाताना कोणाच्या आजीचा काळ, हेही विचारावे लागते.

१०/
दुसरे उदाहरण अधिक थेट आहे. कुरळे केस एकमेकांत सहज अडकतात. ते दीर्घकाळ धुतले नाहीत, विंचरले नाहीत, तर लोकरीचे नमदे बनावे तसे घट्ट होत जातात. यालाच जट म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ही जट यल्लम्मा देवीचे बोलावणे समजली गेली. मुलीच्या डोक्यात जट दिसली की ती कापायची नाही, विंचरायची नाही, आणि मुलगी देवीला वाहायची. कित्येक मुलींचे देवदासीपण अशा एका न सोडवलेल्या गुंत्यातून सुरू झाले. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, तरी जटेची भीती उरली.

११/
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगावी जाऊन, घरच्यांची समजूत काढून, स्त्रियांच्या जटा कापतात. वर्षानुवर्षे डोक्यावर वागवलेले ते ओझे, मानेचे दुखणे, उवा आणि दुर्गंधी एका बैठकीत संपते. केसांची निगा हा रिकामपणचा उद्योग आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही बैठक एकदा पाहावी. रुंद दातांचा कंगवा, थोडे तेल आणि गुंता कसा सोडवायचा याची माहिती, एवढ्या साध्या गोष्टी मुलीच्या आयुष्याची दिशा ठरवू शकतात.

१२/
येथील समाजाने केसांवर धर्माची मोहोर उठवली, तर एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विज्ञानाने वंशाची. थॉमस हक्सली याने १८७० मध्ये मानवजातीची विभागणी करताना केसांच्या पोताला मूलभूत स्थान दिले. लोकरी केसांचे ते ‘युलोट्रिची’ आणि गुळगुळीत केसांचे ते ‘लायोट्रिची’. दख्खनच्या डोंगराळ भागातील जमातींना त्याने ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींसोबत एका गटात बसवले. केस ही शरीराची एक खूण होती. या वर्गीकरणांनी तिला माणसाची प्रत ठरवण्याच्या कामाला जुंपले.

१३/
याच परंपरेतील जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर याने केसांचा रंग मोजण्यासाठी नमुन्यांची पट्टी तयार केली. १९०८ मध्ये तो आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे मिश्रवंशीय समाजाची मोजमापे घेण्यास गेला. पुढे बर्लिनमध्ये त्याच्याच संस्थेत इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध जोडणाऱ्या गृहीतकाला त्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. गुरूच्या अपेक्षेपेक्षा पुराव्याला मान देणारी ही मराठी विदुषी इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

१४/
वर्गीकरण कागदावर राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. शंका असेल तेथे अधिकारी केसांत पेन्सिल खोचत. पेन्सिल घसरून पडली तर माणूस ‘गोरा’, अडकून राहिली तर नाही. शाळा, वस्ती, विवाह, मतदान हे सारे त्या पेन्सिलीवर टांगलेले असे. एकाच घरातील भावंडे दोन वंशांत विभागली जात. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

१५/
अमेरिकेचा इतिहासही असाच आहे. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ मध्ये, गव्हर्नर मिरो याने आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी केस फडक्याने झाकावेत, असा हुकूम काढला. त्या फडक्याला ‘टिन्यॉन’ म्हणत. न्यू ऑर्लिन्सच्या स्त्रियांनी त्यासाठी उंची, रंगीत वस्त्रे निवडली आणि अपमानाच्या खुणेचे आभूषण केले. हुकूम सौंदर्य झाकण्यासाठी होता. त्याने ते अधिक ठळक केले.

१६/
१९०५-०६ ही वर्षे पाहावीत. लंडनमध्ये कार्ल नेसलर हा जर्मन केशकार गोऱ्या स्त्रियांचे सरळ केस तापलेल्या नळ्यांवर तासन्‌तास गुंडाळून कायमचे कुरळे करण्याचे तंत्र दाखवत होता. त्याच सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना सांगितले जात होते की कुरळे केस सरळ केल्याखेरीज नोकरी नाही, प्रतिष्ठा नाही. एका डोक्यावरचा कुरळेपणा फॅशन ठरत होता, दुसऱ्या डोक्यावरचा गावंढळपणा. केस कसे आहेत यापेक्षा ते कोणाच्या डोक्यावर आहेत, याला महत्त्व होते.

१७/
याच वर्षांत मॅडम सी. जे. वॉकर यांचा व्यवसाय उभा राहिला. केस सरळ करणारा तापता कंगवा त्यांनी शोधला, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. असे कंगवे त्यांच्या आधीपासून वापरात होते, आणि ‘केस सरळ करणारी बाई’ ही ओळख त्यांना स्वतःला नापसंत होती. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कुटुंबात जन्मलेल्या या स्त्रीचे स्वतःचे केस गळत होते. डोक्याची त्वचा नियमित धुणे, गंधकयुक्त मलम लावणे आणि केसांना हळुवार हाताळणे हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. कुरळ्या केसांचा दिनक्रम २००१ मध्ये लॉरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकाने जन्माला घातला, असे समजणाऱ्यांनी शंभर वर्षे मागे पाहावे.

१८/
‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. ‘शॅम्पू’ हा शब्द चंपी या शब्दाच्या कुळातला आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह चालवले आणि १८२२ मध्ये ‘शॅम्पूइंग’वर पुस्तक लिहिले. त्यांचा शॅम्पू म्हणजे अंगमर्दन. केस धुणे हा अर्थ नंतर आला आणि १९३० च्या दशकात कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेले शॅम्पू बाजारात उतरले. शब्द पाटण्याहून ब्रायटनला गेला आणि बाटलीत बसून परतला. निगेच्या इतिहासात देशी-विदेशी अशी सरळ भिंत उभी राहत नाही.

१९/
आजच्या पार्लरमधील सक्ती कायद्याची नाही, तरी तिची किंमत शरीर मोजते. केस सरळ करण्याच्या अनेक प्रक्रियांत फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत गणले. २०२२ मध्ये सुमारे ३४ हजार अमेरिकी स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणे आणि गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध आढळला. वयाच्या सत्तरीपर्यंतचा अंदाजित धोका न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. संबंध म्हणजे कारणाची सिद्धता नव्हे, पण दुर्लक्ष करावे इतका तो किरकोळही नाही. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून पुढे आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या वापरानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

२०/
आता दिनक्रम. त्याचा पाया रचनेत आहे. कुरळा केस वाकड्या मुळातून उगवतो आणि त्याचा छेद लंबवर्तुळाकार असतो. त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर अडते. म्हणून मूळ तेलकट आणि टोके कोरडी, ही त्याची नेहमीची स्थिती. प्रत्येक वळणावर बाहेरचे आवरण कमकुवत असते आणि तेथे केस तुटतो. कोरडेपणा कमी करणे आणि ओढाताण टाळणे, या दोनच सूत्रांतून पुढचे सारे निघते.

२१/
धुणे आठवड्यातून एकदा-दोनदा. घाम आणि कोंडा असेल तर अधिक. शॅम्पू सौम्य असावा आणि तो केवळ त्वचेवर चोळावा. लांबीला ओघळणारा फेस पुरतो. त्यानंतर लांबीला भरपूर कंडिशनर लावावा आणि तो असतानाच, ओल्या केसांत, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. सुरुवात टोकांपासून करून हळूहळू मुळाकडे जावे. कोरडे कुरळे केस बारीक फणीने विंचरणे म्हणजे ते स्वतःच्या हाताने तोडणे. सल्फेट हे विष नाही. ते तेल अधिक काढते, एवढाच त्याचा गुन्हा आहे.

२२/
धुतल्यावर केस खरखरीत टॉवेलने घासू नयेत. जुन्या मऊ सुती कापडात ओंजळीने दाबून पाणी टिपावे. ओले असतानाच थोडे जेल लावून बटा खालून वर मुठीत दाबाव्यात आणि वाळेपर्यंत हात लावू नये. जवस पाण्यात उकळून गाळलेला चिकट द्रव हे घरचे जेल होय. त्याने बट वाळताना आकार धरते. तो दोन-चार दिवसांत नासतो, म्हणून थोडाच करावा आणि थंड जागी ठेवावा. रात्री केस सैल बांधावेत आणि उशीला गुळगुळीत कापडाचा अभ्रा घालावा.

२३/
तेलाविषयी दोन टोकांची मते आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हे ध्यानात घेऊनही प्रयोग महत्त्वाचा ठरतो. अभ्यंगाचा जुना क्रम, म्हणजे आधी तेल आणि मग न्हाण, त्याच्याशी जुळतो. पण कोंडा असलेल्या त्वचेवर रात्रभर तेल ठेवल्यास कोंडा वाढतो. शिकेकाई आणि रिठा यांतील फेस देणारे सॅपोनिन मळ काढतात, मात्र कोरड्या टोकांना ओलावा देत नाहीत. आजीचे अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे शिकण्यात तिचा अपमान नाही.

२४/
शेवटी शाळा. सतत घट्ट ओढलेल्या वेण्यांमुळे कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. ग्रीनलंडमधील स्त्रियांत हे नुकसान १९०७ मध्येच नोंदवले गेले. तरीही शिस्तीच्या नावाने लहान मुलींच्या वेण्या आवळल्या जातात. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या नैसर्गिक पोतावरून शाळेत आणि नोकरीत होणारा भेदभाव कायद्याने रोखला. महाराष्ट्रातील शाळांना कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. केस स्वच्छ असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, सैल बांधलेले असावेत, एवढा नियम पुरेसा आहे. मुलांना अभ्यासाचे वळण शाळेने जरूर लावावे. केसांचे वळण ती घरून घेऊन आलेली असतात.